सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई : पहिल्या भारतभेटीचे तिकीट काढण्यापूर्वी

मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर ही रेषा अटलांटिकवरून न जाता सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जाते आणि २०२२ पासून अमेरिकी विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद असल्यामुळे ती बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. दुबईमार्गे अंतर सुमारे १५,००० आणि सिंगापूरमार्गे सुमारे १७,५०० किलोमीटर भरते. परंतु प्रवास लांबतो तो किलोमीटरमुळे कमी आणि मधल्या मुक्कामामुळे जास्त. थोडे पैसे वाचवण्यासाठी अकरा तास खुर्चीत अवघडून बसणारी आणि परतल्यावर त्याच बचतीच्या गोष्टी सांगणारी आपली मंडळी येथे सॅन फ्रान्सिस्कोत पुष्कळ भेटतील. त्यांचा सल्ला घेऊ नये.

आता तारखेविषयी. मुंबईहून सुटणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतरची असतात. माझे विमान १५ तारखेला ००:४५ वाजता सुटणार होते आणि मी १५ तारखेच्या रात्री पावणेदहाला, आईने बांधून दिलेल्या डब्यासह, विमानतळावर हजर झालो. विमान एकवीस तासांपूर्वीच गेले होते. पहिल्या टप्प्याला मी गैरहजर राहिल्यामुळे पुढचा टप्पाही रद्द झाला आणि ऐन वेळचे नवे तिकीट जवळजवळ दुप्पट किमतीला घ्यावे लागले. आपण झोपून उठेपर्यंत तारीख बदलली असे मानत नाही, तिकिटावरची तारीख मात्र मध्यरात्रीलाच बदलते. म्हणून ००:४५ दिसले की दिनदर्शिकेत १४ तारखेवर खूण करावी, घरच्यांनाही १४ तारखेची रात्र असेच सांगावे आणि तिकीट पक्के करण्यापूर्वी ती तारीख दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावी. माझ्यानंतर ओळखीतल्या तिघांनी हीच चूक केली आहे.

हिवाळ्यात भारताचे घड्याळ येथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेबारा. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघून एकवीस तास प्रवास केला, तर हिवाळ्यात मुंबईत रविवारची पहाट, साडेचार वाजलेले असतात. शनिवारी दुपारच्या साखरपुड्याला पोहोचण्याचे आश्वासन देऊ नये. परतताना उलटे होते: रविवारी पहाटे दोनला निघून बावीस तासांनी पोहोचलात तरी हिवाळ्यात येथे रविवारच्याच सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्या दिवशी कामाला बसू नये.

अमेरिकेत उतरून पुढे देशांतर्गत विमान पकडायचे असल्यास, सामानावर अंतिम शहराची पट्टी असली तरी साधारणपणे ते पहिल्याच विमानतळावर ताब्यात घेऊन, सीमाशुल्क तपासणी करून पुन्हा द्यावे लागते. अबू धाबीहून येणाऱ्यांची ही तपासणी तेथेच उरकते. बाकीच्यांनी मध्ये किमान तीन तास ठेवावेत, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत.