डेसाऊ पायी बघायचं, तर सुरुवात ट्योर्टेनपासून करा

जर्मनीतल्या डेसाऊला जाणाऱ्यांना जो तो एकच क्रम सुचवतो: स्टेशनवरून थेट बाउहाउस या कला आणि वास्तुरचनेच्या गाजलेल्या शाळेची इमारत, तिथून मास्टर्सची, म्हणजे तिथल्या शिक्षकांची घरं, आणि वेळ उरला तर शहराच्या दक्षिणेची ट्योर्टेन ही कामगार वसाहत. हा क्रम मला अजिबात पटत नाही. वेळ कधीच उरत नाही. शिवाय साध्या कामगाराला परवडेल असं घर कसं बांधायचं, या ज्या प्रश्नाने १९२०च्या दशकातल्या वास्तुकारांना झपाटलं होतं, त्याची उत्तरं ट्योर्टेनलाच उभी आहेत. म्हणून सकाळी पोचलात की आधी दक्षिणेकडची ट्राम धरा.

ट्योर्टेनमध्ये पहिल्या दहा मिनिटांत बहुतेकांचा हिरमोड होतो. बाउहाउसचा संस्थापक, वास्तुकार वॉल्टर ग्रोपिअसने १९२६ ते १९२८ या काळात इथे तीनशेच्या वर घरं एकाला एक लागून बांधली. ती पाहायला जावं, तर प्रत्येक दर्शनी भिंत वेगळी! कुठे प्लास्टिकच्या चौकटी, कुठे नवं दार, कुठे भलताच रंग. हा टप्पा मलाही बराच काळ जड गेला. ‘मूळचं काही राहिलंच नाही’ म्हणत लोक इथून परत फिरतात. तसं करू नका. इथे कसं बघायचं याची एक रीत आहे.

समोरच्या पदपथावर उभे राहा आणि वरून खाली बघत या. आधी छपराची सपाट रेघ: ती घरामागून घर तशीच पुढे जाते. मग दोन घरांमधल्या, रस्त्याला काटकोनात आत जाणाऱ्या भिंती शोधा. सगळी मेख तिथेच आहे. घराचा भार या भिंतींवर आहे. त्या स्लॅग काँक्रीटच्या (भट्टीतली मळी मिसळलेल्या काँक्रीटच्या) पोकळ ब्लॉकच्या आहेत आणि काँक्रीटच्या तुळया एका भिंतीवरून दुसरीवर टाकल्या आहेत. रस्त्याकडची भिंत काहीच पेलत नाही, ती नुसती मधली जागा भरून काढते. त्यामुळेच ग्रोपिअसला तिथे रुंद, आडव्या खिडक्या देता आल्या, आणि त्यामुळेच पुढे राहणाऱ्यांना त्या हव्या तशा बदलता आल्या. हे एकदा लक्षात आलं की बदललेली घरंही बोलू लागतात. प्लास्टिकच्या खिडक्या बघून नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहिले, ही त्या घरांची नाचक्की नाही.

आता बारीक पोलादी चौकटीची, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली एखादी खिडकी शोधा. अशी एक सापडली की शेजारच्या घरात काय बुजवलं, काय वाढवलं, ते आपोआप दिसतं. घरं जोडीजोडीने आरशातल्यासारखी उलटसुलट आहेत, तेही ताडून बघा. लांबच लांब सरळ रांगाही उगीच नाहीत. बांधकामाचे भाग जागेवरच ओतले जात आणि रुळांवरून सरकणाऱ्या क्रेनने बसवले जात. खर्च कमी करायचा म्हणून दर वर्षी घराचा नमुना बदलला आणि क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मीटरवरून ५७ वर आलं. मागे मात्र प्रत्येकाला भाजीपाल्यापुरती लांब बाग दिली.

एक ताकीद. ही लोकांची राहती घरं आहेत. फाटकाच्या आत पाऊल टाकू नका, खिडकीवर कॅमेरा रोखू नका. घोळका करून दारासमोर थांबू नका.

वसाहतीजवळच १९२६-२७ चं पोलादी घर आहे, गेओर्ग मूखे आणि रिचर्ड पाउलिक यांचं: सांगाड्यावर बसवलेले पोलादी पत्रे. ते चुकवू नका. मग ग्रोपिअसनंतर बाउहाउसचे संचालक झालेल्या हानेस मायर यांच्या हाताखाली बाउहाउसच्या विद्यार्थ्यांनी १९३० मध्ये उभारलेल्या तीन मजली विटांच्या इमारती बघा. बाहेरून लांब गॅलरी, गॅलरीत एकेका बिऱ्हाडाचं दार. इमारती पाच, बिऱ्हाडं नव्वद. काँक्रीट, पोलाद, वीट: एकाच प्रश्नाची तीन उत्तरं, तीही चालत गाठता येतील इतक्या अंतरावर.

ट्रामने परतताना मध्ये उतरून ग्रोपिअसचं १९२९ चं अर्धगोल रोजगार कार्यालय बघून घ्या.

आता बाउहाउस. ४ डिसेंबर १९२६ ला उद्घाटन झालेल्या या इमारतीबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. कार्यशाळेच्या काचेच्या भिंतीचा कोपरा बघा, तिथे खांब नाही. खांब आत मागे सरकवले आहेत. आणि आत गेलात तर खिडक्या उघडायचं चाक बघा. एक चाक फिरवलं की साखळीने तावदानांची अख्खी रांग उघडते. आजची काच मूळची नाही. युद्धात ती गेली आणि १९७६ च्या दुरुस्तीत पुन्हा बसवली गेली.

मास्टर्सची घरं तिथून चालत जवळ, पाइनच्या झाडीत. कांडिन्स्की आणि क्ली या बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या चित्रकारांच्या जोडघरात आत जाच. बाहेरून पांढऱ्याशुभ्र घराच्या भिंती आतून किती रंगीत आहेत ते कळेल. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ग्रोपिअसचं घर आणि मोहोली-नाजी या दुसऱ्या शिक्षकाचं अर्धं जोडघर नष्ट झालं. २०१४ मध्ये त्या जागी हुबेहूब नक्कल न करता काँक्रीटचे साधे, धूसर काचांचे आकार उभे केले. पुष्कळांना ते रुक्ष वाटतात. मला तो निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो, कारण जुनं काय आणि नवं काय याबद्दल बघणाऱ्याची फसवणूक होत नाही.

पायांत त्राण असेल तर उत्तरेला एल्बे नदीच्या काठी वास्तुकार कार्ल फीगरचं १९३० चं कॉर्नहाउस गाठा. ते रेस्टॉरंट म्हणूनच बांधलं होतं. नदीकडच्या गोल काचेच्या भागात टेबल मागा.