जत्रेच्या नाटकात राजाचं मंत्रिमंडळ कसं उभं करायचं

गावच्या जत्रेला काल्पनिक नाटक लिहायला घेतलं की राजा पटकन सुचतो, खलनायक तर त्याच्याही आधी सुचतो, पण दरबाराचा सीन आला की हात थांबतो, कारण तिथे पाच-सहा माणसं बसवायची असतात आणि ती नेमकं काय बोलणार हे आपण ठरवलेलंच नसतं. मग एक पांढऱ्या दाढीचा प्रधान, एक मिशीवाला सेनापती आणि बाकीचे "महाराजांचा विजय असो" म्हणायला. मी आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याकडे, बरीच वर्षं देवळातली नाटकं बसवतोय, पहिल्या नाटकात मी अगदी हेच केलं होतं, आणि दरबार सुरू झाल्यावर मागच्या रांगा उठून खाज्याच्या दुकानांकडे जाताना मी विंगेतून बघितल्या. ते मला फार लागलं. म्हणून आता मी कसं करतो ते सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

आधी मंत्री ठरवूच नका, आधी राज्य कशावर जगतं ते ठरवा. लोक खातात काय, पैसा येतो कुठून, आणि कुठली एक गोष्ट बिघडली तर सगळं बुडेल. आपल्याकडे हे शोधायला लांब जावं लागत नाही, दुर्भाटच्या बाजूला खाजन शेती बघा. नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, तिची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. त्या बांधामागे कोरगुट, खाऱ्या जमिनीत तगणारं भात. असं राज्य घेतलंत की मंत्री आपोआप सुचतात: बांधाचा एक कारभारी पाहिजेच, घाटातल्या जकातीचा एक, कोठाराचा एक, सैन्याचा एक. नुसता "प्रधान" लिहिलात तर त्या नटाला धरायला काहीच मिळत नाही.

किती जण घ्यायचे? हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यावर वाद दिलाय, मनूचे लोक म्हणतात बारा, बृहस्पतीचे सोळा, उशनसचे वीस, आणि कौटिल्य म्हणतो कामाला लागतील तितके. पण नाटककाराच्या खऱ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. तो म्हणतो गुप्त खलबत तीन-चार मंत्र्यांशीच करावं, कारण एकटाच असला तर अवघड कामात निर्णय लागत नाही आणि तो मोकाट सुटतो, दोन असले तर ते एक होऊन राजाला गुंडाळतात किंवा भांडून काम नासवतात, आणि चाराच्या वर गेले की गुपितही राहत नाही आणि निर्णयही होत नाही. म्हणजे बघा, राजाभोवती दोन वर्तुळं झाली, बाहेर मोठी परिषद आणि आत तीन-चार जण. आत कोण आणि बाहेर कोण, इथूनच अर्धं नाटक सुरू होतं. कालपर्यंत आत बसणाऱ्याला आज बोलावणं आलं नाही एवढं दाखवलंत तरी प्रेक्षक सावरून बसतात.

खाती वाटताना अष्टप्रधानांकडे नीट बघा. 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा फारसी नावं जाऊन संस्कृत आली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री. ही नावं तशीच उचलू नका, आपलं राज्य काल्पनिक आहे आणि शिवकालाचं नाव घेतलं की प्रेक्षक इतिहास तपासायला लागतो, ते योग्यही आहे. घ्यायचंय ते कामाचं वाटप. हिशेब एकाकडे, पत्रव्यवहार दुसऱ्याकडे, परराज्याशी बोलणं तिसऱ्याकडे. मला स्वतःला वाकनिसाचं काम सगळ्यात जास्त आवडतं, राजाच्या रोजच्या दिनक्रमाची नोंद आणि त्याच्या जेवणाखाण्यावर लक्ष. ज्याला राजा रात्री झोपला नाही हे माहीत आहे असा माणूस दरबारात गप्प बसलेला असला की त्याच्या गप्प बसण्यालाही वजन येतं. आणि आणखी एक, न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्या प्रधानांना प्रसंग पडला तर मोहिमेवरही जावं लागायचं, म्हणजे युद्धाला हो म्हणणारा स्वतः मरायला तयार असायचा. तुमच्या दरबारात युद्धाला हो म्हणणारा घरी बसणार की घोड्यावर बसणार हे आधी ठरवून ठेवा.

मग प्रत्येक मंत्र्यासाठी वहीत दोन ओळी लिहा, राजाला माहीत नसलेलं त्याला काय माहीत आहे, आणि हा निर्णय चुकला तर त्याचं स्वतःचं काय जाईल. दुसरी ओळ सुचली नाही तर तो मंत्री काढून टाका, ड्रेसचं भाडंही वाचेल. माझ्या गेल्या नाटकातला एक तुकडा देतो:

सेनापती: महाराज, शत्रू घाटमाथ्यावर आलाय. बांधावरची सगळी माणसं उद्या सकाळी किल्ल्यावर पाहिजेत.

कारभारी: परवा पुनव आहे महाराज. उधाण येणार. मानशीची एक फळी कुजलीय.

राजा: एक फळी?

कारभारी: एका फळीतून आत आलेलं खारं पाणी वर्षाचं भात खातं.

अमात्य: आणि कोठारात भात चाळीस दिवसांचं आहे. सेनापतींनी विचारलं नाही, म्हणून मी सांगतो.

इथे खोटं कुणीच बोलत नाही आणि राजा अडकलाय. मला वाटतं दरबाराचा सीन म्हणजे हेच, एक वाईट मंत्री आणि एक चांगला मंत्री नव्हे, तर सगळेच आपापल्या जागी बरोबर आणि तरी सगळ्यांचं ऐकता येत नाही. कारस्थानी मंत्री ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण त्यालाही एक खरी काळजी द्या.

बसण्याचा क्रम विसरू नका. आपल्या गावकरीत, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेत, कुठलं वांगड (कुळांचा गट) आधी आणि कुठलं नंतर, मान आधी कुणाचा, यावरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तेच दरबारात आणा. खुर्च्या नसल्या तरी देवळाच्या आवारातल्या अग्रशाळेतली (धर्मशाळेतली) बाकं चालतात, फक्त कोण राजाच्या उजव्या हाताला बसतो ते पहिल्या अंकात आणि तिसऱ्या अंकात वेगळं दिसू दे.

गुपित फुटण्याचा प्रसंग असेल तर पुन्हा कौटिल्य, तो सांगतो की पोपट आणि मैनांनी, कुत्र्यांनीसुद्धा खलबतं फोडल्याचं ऐकिवात आहे, म्हणून पाखरांनाही डोकावता येणार नाही अशी जागा बघा. रंगमंचावर पोपट आणायची गरज नाही, चवरी ढाळणारी मुलगी आहेच, तिच्यासमोर सगळे बोलतात आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

तालमीत एक दिवस स्क्रिप्ट बाजूला ठेवा. प्रत्येक मंत्र्याला उभं करून आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या शब्दांत राजासमोर मांडायला सांगा. आमच्या अमात्याचं काम करणाऱ्याचं स्वतःचं कुळागर, सुपारी-नारळाची बाग, आहे, तो घडाघडा सुपारीच्या भावावर बोलायला लागला, माकडांनी किती नारळ पाडले तेही सांगितलं, आणि तालमीला बसलेली सगळी अग्रशाळा शांत झाली. त्याच्या त्या आवाजात मी भाताचा हिशेब घातला, वरची चाळीस दिवसांची ओळ तिथूनच आली.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट. राजा उठून गेल्यावर पडदा लगेच पाडू नका. परिषद तशीच बसू दे, मनात दहा आकडे मोजा, मग फक्त बांधाच्या कारभाऱ्याला उठू दे, तो कंदील घेऊन एकटा बांधाच्या दिशेने निघतो. कंदील बॅटरीचा घ्या आणि अंक सुरू व्हायच्या आधीच विंगेत त्याच्या बाजूला ठेवून द्या, प्रॉम्प्टरच्या पायाशी नको, तिथे अंधारात तो लाथाडला जातो.