ठणका थांबला तरी रूट कॅनल का करायचं, आणि नीट कसं करून घ्यायचं

रात्री आडवं झालं की दाढ ठणकायला लागते, उठून बसलं की जरा कमी होतं, परत पडलं की परत सुरू. हे ज्यांना होतंय त्यांनी आधी एवढं समजून घ्या की ही साधी सेन्सिटिव्हिटी नाही, आतली नस सुजलीये. दाताची नस म्हणजे चारी बाजूंनी कडक भिंती असलेल्या बंद खोलीतला मऊ भाग, अंगावर दुसरीकडे कुठे सूज आली तर कातडी ताणली जाते, इथे ताणायला काहीच नाही, त्यामुळे सगळा दाब आतल्या आत. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि तेवढ्यानेही कळ थेट कानापर्यंत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा ठणका आपोआप थांबला तर सुटलो असं समजू नका. माझ्या खालच्या डाव्या दाढेने चार रात्री डोळा लागू दिला नाही, पाचव्या दिवशी सकाळी एकदम शांत, मग मी अपॉइंटमेंट रद्द केली. दाढ बरी झालीच नव्हती, नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू तिथेच वाढत राहतात आणि मुळाच्या टोकातून बाहेर जबड्याच्या हाडात उतरतात. तीन महिन्यांनी हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढी पुटकुळी आली, ती फुटायची, तोंडात खारट चव यायची, दोन दिवसांनी परत भरायची, आणि दुखत मात्र अजिबात नव्हतं. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं. ती पुटकुळी म्हणजे आतला पू बाहेर यायची वाट होती.

म्हणून दुखणं हे एकच माप धरू नका. गार किंवा गरम लागल्यावर सणक येते आणि लगेच जाते, तर बऱ्याचदा साध्या फिलिंगवर भागतं. पण सणक आल्यावर अर्धा मिनिट, मिनिटभर कळ मागे राहत असेल, गरमने वाढत असेल, काही कारण नसताना मधेच दुखायला लागत असेल, चावताना एकच दात टोचत असेल, मार लागलेला दात काळपट पडत चालला असेल, तर वेळ काढू नका. आणि गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, अशा वेळी क्लिनिकची वेळ बघत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. दाताचं इन्फेक्शन गळ्यात उतरलं तर जिवावर बेततं.

बरेच जण मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खातात आणि सूज उतरली की विषय संपला म्हणतात. गोळी रक्तातून पोचते, आणि मेलेल्या नसेच्या दातात आत रक्तच जात नाही, मग औषध पोचणार कुठून? आजूबाजूची सूज तेवढी उतरते, मूळ तसंच राहतं. सूज पसरत असेल, ताप असेल तर डॉक्टर स्वतः अँटिबायोटिक देतात ते घ्याच, पण ते रूट कॅनलच्या, म्हणजे मेलेली किंवा सुजलेली नस काढून मुळं आतून साफ करून बंद करायच्या कामाच्या, बदल्यात नाही. आणि हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवायचा उद्योग कृपा करून करू नका, हिरडी भाजते. सुजेवर बाहेरून गरम शेक पण नको, गार पट्टी ठेवा.

दवाखान्यात पहिल्या दिवशी तपासणी नीट होतेय का याकडे लक्ष द्या, कारण दुखणं कुठल्या दाताचं हे आपल्याला वाटतं तेच असेल असं नाही, वरची दाढ खराब आणि दुखतंय खाली असंही होतं. माझ्या वेळी डॉक्टरांनी कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार स्प्रे मारला आणि आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावला, सणक आली, बोळा काढल्यावर दोन-तीन सेकंदात गेली. मग दाढेला लावला आणि मी वाट बघत राहिलो, काहीच नाही, जणू दगडाला लावलाय. नंतर आरशाच्या दांडीने एकेक दात ठोकून बघितला, हिरडीत मोजपट्टीसारखी बारीक सळई घालून खोली मोजली, मग एक्स-रे. हे सगळं झाल्यावरच निदान.

तेव्हाच विचारून घ्या की दात वाचण्यासारखा आहे का. मूळ उभं चिरलेलं असेल किंवा कीड हाडाखाली खोल गेली असेल तर रूट कॅनल करून उपयोग नाही, काढणंच बरं. किती सिटिंग लागतील, वर कॅप, म्हणजे दातावर बसवायचं टोपण, लागेल का, कॅपचा खर्च यात धरलाय की वेगळा, रबर डॅम (तो काय ते पुढे सांगतो) लावणार का, हे पण विचारा. दाढ वाकड्या मुळांची असेल किंवा आधी केलेलं रूट कॅनल परत करायचं असेल तर एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे यातल्याच स्पेशालिस्टकडे जाणं चांगलं. आणि आपल्याकडचं सगळं सांगा: डायबेटिस, हार्टचा वॉल्व्ह बदललेला असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणाची औषधं, ॲलर्जी, प्रेग्नन्सी. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, रूट कॅनलसाठी सहसा बंद करावीच लागत नाही.

आता भीतीचं. भूल दिल्यावर फाईल, म्हणजे मुळातल्या नळ्या घासायची बारीक सुई, चालवताना ढकलल्यासारखं, घासल्यासारखं वाटतं, दुखायला नको. फक्त खालची दाढ खूप सुजलेली असेल तर एका इंजेक्शनने कधी कधी पूर्ण भूल चढत नाही. त्यासाठी आधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवा की दुखलं तर डावा हात वर करणार, आणि खरंच दुखलं तर तोंड दाबून सहन करू नका, ते थांबून अजून भूल देऊ शकतात. सहन करण्यात काही मोठेपणा नाहीये, उलट आपण हललो तर त्यांचंच काम अवघड होतं.

रबर डॅम म्हणजे पातळ रबराचा चौकोनी पडदा, त्याला भोक पाडून फक्त तो एक दात बाहेर काढतात. पाच मिनिटं विचित्र वाटतं, मग सवय होते. पण त्याचा आग्रह धराच, कारण लाळेतले जंतू आत जात नाहीत, बारीक फाईल घशात पडायची भीती राहत नाही, आणि आत धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, तोंडात उतरत नाही.

मग वरून छोटं भोक पाडून नसेपर्यंत जातात आणि मुळातल्या नळ्या शोधतात. पुढच्या दातात सहसा एक नळी, खालच्या पहिल्या दाढेत तीन किंवा चार, वरच्या पहिल्या दाढेत पण तीन किंवा चार, आणि ती चौथी इतकी बारीक असते की बऱ्याचदा सुटते. रूट कॅनल फेल जाण्याचं हे एक मोठं कारण, म्हणून भिंगातून किंवा मायक्रोस्कोपखाली काम करणारे डॉक्टर मिळाले तर सोडू नका. पहिली फाईल आत जाते ती बहुतेक जांभळ्या दांडीची 10 नंबरची असते, तिचं टोक 0.10 मिलिमीटरचं. तिला एक वायर जोडतात, दुसरी वायर आपल्या ओठाला अडकवतात, आणि ॲपेक्स लोकेटर नावाचं मशीन टोक जवळ आलं की बीप करायला लागतं. मला तो आवाज अजून आठवतो, आधी हळू हळू, मग भराभर, आणि डॉक्टर एकदम थांबले, फाईलवरची रबराची चकती दातावर टेकवली आणि पट्टीवर मोजून बोलले, साडेवीस मिलिमीटर. त्या मापाच्या आत थांबले तर जंतू मागे राहतात, पुढे गेले तर हाडात टोचतं, म्हणजे सगळा खेळ अर्ध्या-एक मिलिमीटरचा आहे.

फाईलने नळी रुंद करतात, पण खरी सफाई धुण्यानेच होते, कारण नळी सरळ पाइपसारखी नसते, तिला बाजूला फाटे असतात, तिथे फाईल जात नाही, औषधच जातं. म्हणून डॉक्टर परत परत सिरिंजने धुतायत तर कंटाळू नका, घाई पण करू नका. इन्फेक्शन जास्त असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून तात्पुरतं फिलिंग करून एक-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. नाहीतर एकाच सिटिंगमध्येही होतं, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. शेवटी नळ्या कोरड्या करून गट्टा पर्चा भरतात, झाडाच्या चिकापासून बनणारा रबरासारखा पदार्थ आहे तो, त्याच्याबरोबर सीलर, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट, आणि वरून फिलिंग.

घरी आल्यावर ओठ आणि जीभ तीन-चार तास बधिर असतात, तोवर काही चावू नका, गाल आतून कधी चावला जातो कळत पण नाही. पुढचे दोन-चार दिवस चावताना दुखरं वाटतं ते नॉर्मल आहे, डॉक्टरांनी सांगितलेली पेनकिलर दुखायची वाट न बघता वेळेवर घ्या. ॲसिडिटीचा अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन न विचारता घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, सूज आली, किंवा तात्पुरतं फिलिंग निघून पडलं तर फोन करा, पुढच्या सिटिंगपर्यंत थांबू नका. दात उंच लागतोय, मिटताना तोच आधी टेकतोय असं वाटलं तरी सांगा, घासून कमी करणं दोन मिनिटांचं काम आहे.

आणि कॅप. इथे मी जरा जोर देऊन बोलणार आहे कारण माझा एक चांगला केलेला दात यातच गेला. वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल झालं, दुखणं संपलं, कॅपचा खर्च पुढच्या महिन्यात करू, मग त्याच्या पुढच्या महिन्यात करू, असं करत पाच महिने गेले. एक दिवस जेवताना कट्ट असा आवाज आला, आतल्या बाजूची भिंत हलायला लागली, चीर थेट मुळात उतरली होती. रूट कॅनल उत्तम झालं होतं, एक्स-रेमध्ये काळा डाग पण भरत आला होता, तरी दाढ काढावी लागली. रूट कॅनलने दाढ फुटत नाही, पण कीड काढून आणि वरून भोक पाडून तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात आणि चावायचा सगळा जोर त्या भिंतींवर येतो, कॅप त्यांना बाहेरून धरून ठेवते. शिवाय वरचं फिलिंग झिरपायला लागलं की तोंडातले जंतू परत आत शिरतात. म्हणून दाढेला कॅप काही आठवड्यांत बसवाच, पैसे जमवायचे असतील तर रूट कॅनल सुरू करतानाच दोन्हींचा हिशोब धरा. पुढच्या दाताचा फारसा भाग गेलेला नसेल तर नुसत्या फिलिंगवर भागतं, ते डॉक्टर सांगतील.

एक गैरसमज अजून फिरतो, रूट कॅनल केलेला दात शरीरात विष पसरवतो म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अर्धवट प्रयोगांमधून ती कल्पना आली आणि नंतरच्या संशोधनात टिकली नाही. तिच्या भीतीने वाचणारे दात काढू नका.

कॅप बसल्यावर पण त्या दाताला कीड लागू शकते, कॅप आणि हिरडीच्या कडेला लागते, आणि नस नसल्यामुळे दुखून कळणार नाही. तिथे ब्रश तिरका धरून हलक्या हाताने फिरवा, रोज फ्लॉस करा. हाडातला डाग भरला का बघायला सहा महिने ते वर्षाने एक्स-रे काढा, मोठा डाग असेल तर भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि डाग वाढलेला दिसला तरी लगेच दात काढायला तयार होऊ नका, तेच रूट कॅनल उघडून परत करता येतं, नाहीतर हिरडी उघडून मुळाचं टोक कापून खालून सील करायची छोटी सर्जरी असते, ते दोन्ही पर्याय विचारा. पहिल्या तपासणीपासूनचे सगळे एक्स-रे मोबाईलमध्ये एका फोल्डरला तारखेसकट ठेवा, डाग वाढतोय की भरतोय हे जुना आणि नवा शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही.