थिंबल मारायला निघण्याआधी

पक्कड, टेस्टर, टेप, बॅटरी हे कुणी सांगायला नको. थिंबल (वायरीच्या टोकाला चेपून बसवायचं धातूचं टोक) मारायचा रॅचेटचा प्लायर, म्हणजे मूठ शेवटपर्यंत मिटल्याशिवाय न सुटणारा, पेटीत टाकलाय का, तेही बघालच. पण त्या प्लायरच्या सांध्यापाशी एक दातेरी चाक असतं, बाजूला + आणि − ची खूण, आणि ते चाक अडवून धरणारा एक बारका स्क्रू. तो जागेवर आहे का आणि घट्ट आहे का, ते बघा. मागच्या खेपेला नेमका तोच राहिला आणि उसाच्या मोटारीच्या पॅनलमधले सगळे थिंबल कापून परत मारावे लागले. म्हणून ही यादी, आणि म्हणून तो स्क्रू हिच्यात परत परत येणार.

थिंबल वायरीच्या मापाचे घ्या. लाल ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएम, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. दीडची वायर लाल आणि निळा दोन्हीत चालते असं छापलेलं असलं तरी वायरीतल्या सगळ्या काड्या (तांब्याच्या बारीक तारा) आत जात असतील तर लालच घ्या. निळ्यात ती सैल राहते, आणि मग माणूस प्लायरचा दाब वाढवत बसतो. उलटं, बसत नाही म्हणून दोन-चार काड्या छाटून घालायच्या, हे तर अजिबात नको. बोअरवर जुनी ॲल्युमिनियमची केबल निघाली तर तिला तांब्याचा थिंबल मारू नका. पावसाळ्यात ओल लागली की तो जोड आतून खाल्ला जातो. तिला बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडलेला) लागतो आणि त्याचं हत्यारही वेगळं.

डाय, म्हणजे प्लायरच्या तोंडातले चेपायचे साचे, बघा. वरचा आणि खालचा एकाच जोडीचे हवेत. बदलताना दोन्ही स्क्रू आधी नुसते अडकवा, प्लायर मिटून डाय एकमेकांवर नीट बसू द्या, मग आवळा. उघड्या तोंडाने आवळले तर खाचा किंचित सरकतात आणि थिंबल एका अंगाला चेपतो. पंखाचे उघडे कॉन्टॅक्ट मारायचे असतील (ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये असतात ते) तर पंख बदामाच्या आकाराच्या खाचेकडे आणि पाठ गोल खाचेकडे. हे उलटं झालं की पंख आत वळायचे सोडून बाहेर फाकतात.

आता मुख्य काम. चाकाला हात लावण्याआधी नमुना मारा, आणि तोही आज जी वायर वापरायची तिच्याच तुकड्यावर. पेटीतल्या कुठल्यातरी भंगार तुकड्यावर नको. इन्सुलेशन थिंबलच्या नळीपेक्षा एखाद एमएम जास्त सोला, म्हणजे पुढून काड्यांची टोकं जेमतेम डोकावतात. सोलताना एकही काडी तुटता कामा नये. काड्यांना सोल्डरचं शिसं लावू नका. दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि चांगला बसलेला जोड दोन-तीन महिन्यांत ढिला होतो.

नमुना कापून बघायला पाच मिनिटं लागतात, ती द्या. हॅक्सॉने नळी आडवी कापा, पॉलिश पेपरवर घासा. दाब बरोबर असेल तर काड्या एकमेकींत दाबून मधाच्या पोळ्यासारख्या कोनाकोनाच्या दिसतात, मध्ये काळं भोक नसतं. काड्या गोलच्या गोल दिसल्या तर दाब कमी. काड्या तुटल्यात, नळीला चीर गेलीय किंवा रंगीत बाही फाटलीय तर जास्त. मूठ मिटायला दोन्ही हात लागत असतील तरीही जास्तच.

दाब बदलायचा तर प्लायर पूर्ण उघडा. अर्धवट मिटलेला असेल तर मुठींमधली छोटी कळ स्क्रू ड्रायव्हरने दाबून सोडवा, जोर लावून उघडू नका. मग चाकाचा स्क्रू काढा, पण ताटलीवर धरून. शेतात चिखलात पडला तर गेलाच, आणि तसला स्क्रू ऐन वेळी मिळायला बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीतही, चार दुकानं फिरावं लागेल. चाक एकच दात फिरवा. दाब वाढवायचा तर + कडे. स्क्रू परत घाला. आवळा. परत नमुना मारा. अजून एक दात लागला तर परत काढा, फिरवा, घाला, आवळा. "अजून फिरवायचंच आहे, मग आवळतो" असं म्हणू नका, तिथेच तो राहतो.

तो राहिला तर कळत कसं नाही? रॅचेटचा कट-कट आवाज तसाच येतो, मूठ तशीच सुटते. रॅचेट फक्त एवढंच बघतं की मूठ शेवटपर्यंत मिटली. आत दाब किती पडला ते नाही. चाक मोकळं असलं की दर दाबाला जरा जरा मागे सरकतं. पहिले पाच-सहा थिंबल पक्के, म्हणून मन निवांत, आणि पुढचे सगळे ओढले की हातात. म्हणून दर दहा थिंबलांनंतर स्क्रूवर बोट फिरवा.

ओढून बघायचं तर अंदाजाने नको. आयईसीच्या (विजेच्या सामानाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) मापाप्रमाणे दीडच्या वायरीने १५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ किलोचं ओझं, सोसायला हवेत, अडीचच्या वायरीने २३०. म्हणजे दीडच्या नमुन्याला १५ लिटर पाण्याची बादली टांगा आणि मिनिटभर बघा. अडीचला साधारण २३ किलो. हे नमुन्यावरच करायचं, पॅनलमधल्या वायरीला हाताने ओढलं की पुरे.

जागेवर: मेन बंद, फ्यूज काढून खिशात, तिन्ही फेजवर टेस्टर, थ्री फेज केव्हाही येतं. नंबरची नळी आणि स्लीव्ह थिंबलच्या आधी वायरीत घाला. नट आवळा. झाकण लावा.

परत आल्यावर सांध्याला तेलाचा थेंब, डाय कोरडी पुसून. खानापूरकडच्या पावसात काम झालं असेल तर पेटी रात्रभर उघडी ठेवा. आणि स्क्रू.