रोमन नाण्यावरची बाई ओळखायची तर हात बघा

फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात आजीच्या पेटीत १८८१चा पोर्तुगीज रुपया होता. राजा लुईशचं नाव त्यावर 'लुडोविकुस' असं लॅटिनमध्ये, कडेने गोल फिरलेलं. माझी लॅटिनची शाळा तीच. परवा भाच्याने रोमन सम्राट ट्रेजनच्या दिनारियसचा, म्हणजे चांदीच्या नाण्याचा, फोटो पाठवला, "मावशी, हे वाचायचं कसं?" त्याला सांगितलं ते असं.

नाणं हातात असेल तर उजेड वरून नको, एका बाजूने पडू दे, समईचा पडतो तसा. झिजलेली अक्षरं सावलीने उठतात. चेहऱ्याभोवतीचा मजकूर बहुधा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. शब्द सुटे नसतात, 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. 'आयएमपी' म्हणजे इम्परेटर, 'एव्हीजी' म्हणजे ऑगस्टस, दोन्ही सम्राटाच्या पदव्या. 'टीआरपी' दिसलं की टीव्ही आठवेल, पण ती ट्रिब्यूनची, म्हणजे लोकांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याची, सत्ता. ती दरवर्षी नव्याने मिळे, म्हणून पुढे आकडा असला की साल हाती लागतं. तुझ्या नाण्यावर आकडा नाही, पण 'सीओएस व्ही' आहे, म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, रोमचा एक सर्वोच्च अधिकारी. ट्रेजनचा हा काळ इ. स. १०३ ते १११.

आता नाणं उलट कर. खरी गंमत मागेच आहे. तिथे पुष्कळदा एक बाई उभी असते. तिचं तोंड बघू नकोस, हात बघ. आपण मूर्ती तशाच ओळखतो ना, शंखचक्र दिसलं की विष्णू? तराजू धरला असेल तर एक्विटास, म्हणजे न्याय्य व्यवहार. सुकाणू असेल तर फॉर्च्युना, दैव. ऑलिव्हची डहाळी असेल तर पॅक्स, शांती. सापाला भरवत असेल तर सालुस, आरोग्य. आमच्या शांतादुर्गेच्या हातातले सर्प आठवतात, अर्थ मात्र वेगळा. फळांनी भरलेलं शिंग पुष्कळजणींकडे असतं, जणू चवथीला गणपतीवर टांगतात ती फळांची माटोळीच शिंगात कोंबलीय. म्हणून नुसत्या शिंगावरून नाव ठरवायचं नाही, दुसऱ्या हातात काय आहे ते पाहायचं. तुझ्या बाईकडे तराजू आहे. सम्राट सांगतोय, माझा व्यवहार चोख. खरा होता की नाही, ते नाणं सांगत नाही!

आणि घासू नकोस. कॉन्स्टंटाइनच्या काळातलं एक छोटं ब्राँझचं नाणं मी समईसारखंच चिंचेने लख्ख केलं. त्यावर दोन शिपाई होते, मध्ये निशाणं. आता एकच शिपाई उरलाय.