कोबी-फ्लॉवर लावलाय? मग आधी पान उलटं करून बघा

दिवाळी झाली की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, शिरोळ, हातकणंगलेत उसाच्या जोडीला कोबी-फ्लॉवरची लावण सुरू होते, आणि मग "पानाला भोकं पडल्यात, काय मारू?" हे फोन सुरू होतात. भावांनो, भोकं दिसली म्हणजे उशीर झाला.

ही भोकं पाडते ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. पतंग कसा ओळखायचा? गव्हाच्या दाण्यापेक्षा जरासा लांब, ८-९ मिमी, रंग मातकट, पण पंख मिटून बसला की पाठीवर पांढरट शंकरपाळ्यांची रांग दिसते, तीच त्याची ओळख. अळी हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, बोट लावलं की वळवळत दोऱ्यावर खाली लोंबकळते. बारीक असताना ती पानाच्या आत शिरते, नंतर खालून खरवडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळं पानाला काचेच्या खिडक्या पडल्यासारखं दिसतं. खाणं तिचं फक्त मोहरीच्या खानदानातलं: कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी. बाकी उसाला, टोमॅटोला ती ढुंकून बघत नाही.

पतंग वाऱ्याबरोबर लांब जातो, जगभर पसरलाय, आणि औषधाला लई लवकर सरावतो. १९५३ सालीच जावा बेटावर डीडीटी या कीटकनाशकाला दाद देईनासा झाला होता, म्हणजे बघा. मी पण एकदा दुकानदाराच्या सांगण्यावरून एकच औषध लागोपाठ तीनदा मारलं, अळ्या तशाच आणि उधारी तेवढी वाढली.

म्हणून मोहरी लावा. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी कायम राहते. पतंग अंडी घालायला तिकडं ओढला जातो, मग फवारा मोहरीवर पण घ्यायचा, नाहीतर आपणच अळ्या पाळल्यासारखं होतंय.

आठवड्यातून दोनदा वीसेक झाडांची पानं उलटी करा. दर झाडाला दोन अळ्या दिसल्या की ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळलेली, किंवा बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची), दोन्ही संध्याकाळीच, कारण उन्हात त्यांचा जोर जातो. पान मेणचट असतंय, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) टाकल्याशिवाय पाणी घसरून जातं, आणि नोझल खालून वर धरा. रासायनिक घ्यायची वेळ आली तर दर खेपेला औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं अळी मारणारं औषध घ्या, काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं ते वाचा. तुषार सिंचन असेल तर संध्याकाळी चालवा, पतंगांचं उडणं-अंडी घालणं बिघडतं.

गड्डे मार्केटला गेले की बुडखे मात्र शेतात ठेवू नका, आठवड्याभरात उपटून गाडा, नाहीतर शेजारच्या नव्या लावणीला तुमच्याच रानातनं पतंग जातोय.