नेमबाजीचं पोलादी निशाण: खड्डे कसे थांबले

रायफल रेंजसाठी निशाण घरीच करू म्हणून इंदूरच्या लोहामंडीतून साधी १० मिमी प्लेट आणली. पहिल्याच दिवशी खड्डे पडले. खड्डा पडला की गोळीच्या शिशाचे तुकडे कुठेही उडतात, अगदी आपल्याकडेसुद्धा! मग ५०० ब्रिनेल (धातूचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाची प्लेट घेतली. तिथे अतिशहाणपणा नडला: मागे कडी वेल्ड करून घेतली. उष्णतेनं तेवढी जागा मऊ पडली, आणि नेमका तिथेच खड्डा.

शेवटी नवी प्लेट जोरदार दाबाच्या पाण्याच्या धारेनं कापून घेतली, म्हणजे तापायला नको; भोकंही त्यातच. बोल्ट-साखळीनं टांगली, तोंड जरा खाली झुकवून. आता तुकडे जमिनीकडे जातात. तरी संरक्षक चष्मा काढत नाही, आणि १०० मीटरच्या आतून सेंटरफायर (जास्त ताकदीच्या काडतुसाची) रायफल चालवत नाहीच. वर पांढरा स्प्रे मारतो. गोळी लागली की रंग उडून पडलेला करडा ठिपका लांबूनही दिसतो.